वरचा कमोड दर आठ दिवसांनी तुंबतो. फरशी फोडण्याआधी काय तपासू?

उंबरठा | सोमवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. गेला दीड महिना एका कमोडने डोकं उठवलंय, म्हणून हा धागा.

दुमजली घर आहे. वर एक संडास, खाली एक. खालचा ठणठणीत चालतो. वरचा दर आठ-दहा दिवसांनी तुंबतो. फ्लश केला की पाणी खाली जायच्या ऐवजी वर चढायला लागतं, काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबतं आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू उतरतं. प्लंजर मारला की मोकळा होतो. पुढचे दोन-तीन दिवस इतका छान चालतो की वाटतं, गेलं एकदाचं. मग फ्लश जरा मंद वाटू लागतो आणि आठव्या दिवशी पुन्हा तेच.

आतापर्यंत बाटलीतलं ड्रेन क्लीनर दोनदा, कोमट पाणी आणि साबण एकदा आणि प्लंजर तर कितीदा मारला त्याची मोजदाद नाही. एक प्लंबर येऊन गेले. दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "लाइनचा उतार चुकलाय, फरशी फोडावी लागेल." फोडायला माझी ना नाही, पण आधी खात्री हवी. आईचे गुडघे दुखतात, तिला जिना चढउतार जमत नाही. वरचा संडास तिचाच आहे. रोज सकाळी ती आधी मला विचारते, "आज चालू आहे ना रे?" ते ऐकून फार वाईट वाटतं.

जाणकारांनी सांगा, फोडाफोडीच्या आधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने?

पाणाड्या | सोमवार, सकाळी ९:२५

बावीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उताराचं निदान मला पटत नाही. दीड महिन्यापूर्वीपर्यंत हाच कमोड नीट चालत होता ना? उतार मुळात चुकलेला असता तर पहिल्या महिन्यापासून रडगाणं सुरू झालं असतं. जे अचानक बिघडतं ते बहुतेक वेळा कुठेतरी काहीतरी अडकल्यामुळे. ते कुठे अडकलंय एवढंच शोधायचं.

सुरुवात बादलीने करा. भांड्यातलं पाणी नेहमीच्या पातळीला असताना सात-आठ लिटर पाणी कमरेच्या उंचीवरून एका दमात ओता. धो-धो निघून गेलं तर वाट मोकळी आहे, दोष टाकीत किंवा कडेखालच्या भोकांत. पाणी वर चढलं तर पुढे अडथळा आहे. बादली भरलेली असली तरी डोळा भांड्यावर ठेवा. काठाशी आलं की ओतणं थांबवा.

मग शेजारपाजार बघा. त्याच बाथरूममधलं बेसिन भरून एकदम सोडा आणि कमोडमधल्या पाण्याकडे बघत राहा. ते हललं, बुडबुडे आले, तर अडथळा सामाईक लाइनमध्ये. बेसिन, नहाणी सगळं सुरळीत आणि फक्त कमोड आजारी, तर दोष कमोडपासून पहिल्या जोडापर्यंतच्या दोन-तीन हातांत.

शेवटी बाहेरचं पहिलं चेंबर उघडा आणि घरातल्या कोणाला तरी फ्लश करायला सांगा. चेंबर तुडुंब असेल तर रोग चेंबरच्या पुढे. चेंबर रिकामं आणि वर कमोड भरलेला, तर रोग घरात. लाइन तुंबली की सगळ्यात खालचं तोंड आधी बोलतं. तुमचा खालचा संडास गप्प आहे, म्हणून माझा अंदाज वरच्या कमोडच्या ट्रॅपवर आहे, म्हणजे भांड्याखालच्या ज्या वाकड्या नळीत, बाकात, पाणी उभं राहतं तिच्यावर.

हे करून इथे लिहा. तोवर ड्रेन क्लीनर पुन्हा ओतू नका, हात जोडून सांगतो.

चकोर | सोमवार, सकाळी १०:०२

आधी साधा घरगुती उपाय करून बघा. खाण्याचा सोडा एक वाटी, वर व्हिनेगर दोन वाट्या, झाकण लावून अर्धा तास. आमचं बेसिन त्याने मोकळं झालं होतं.

गंधक | सोमवार, सकाळी १०:४८

चकोर, बेसिनमध्ये साबणाचा राप असतो, तिथे थोडा उपयोग होईलही. कमोडमध्ये मला आशा नाही. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांना मारतात. उरतं ते पाणी, सोडियम ॲसिटेट आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. फेस दिसतो भरपूर, पण भांडं वरून उघडं, त्यामुळे दाब तयार होत नाही. आणि ट्रॅपमध्ये आधीच दोन-तीन लिटर पाणी उभं असतं, त्यात सगळं पातळ होऊन जातं.

बाटलीतल्या क्लीनरबद्दल मात्र मला कळकळीने लिहायचंय. त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, काहींत गंधकाम्ल. कॉस्टिक चरबी आणि केस खातं, पण प्लास्टिक, कापड, वाइप्स यांना काही करत नाही. मग ते तुंबलेल्या पाण्यात तसंच बसून राहतं आणि तुम्ही प्लंजर मारला की तेच पाणी डोळ्यांत उडतं. एक प्रकार ओतून जमलं नाही म्हणून वर दुसरा ओतणं तर फारच घातक. आम्ल आणि कॉस्टिक एकत्र आले की पाणी उकळून उसळतं. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि संडासाएवढ्या बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

उकळतं पाणीही नको. चिनीमातीचं भांडं तडकतं आणि पीव्हीसी साठ अंशांच्या वर मऊ पडायला लागतो. हाताला सोसेल इतपत गरम ठीक.

पाणाड्या | सोमवार, सकाळी ११:१०

गंधक यांच्या प्रत्येक वाक्याला अनुमोदन. आणि एक विनंती सगळ्यांनाच. काही रसायन ओतलं असेल तर प्लंबर आल्या आल्या त्याला सांगा. माझ्या उजव्या मनगटावर अजून पांढरा डाग आहे. त्या घरात मला कोणी काही बोललं नव्हतं.

टिकाव | सोमवार, दुपारी १:३५

आमचं उलट झालं होतं, म्हणून लिहून ठेवते. कोणाला उपयोग होईल.

आमच्याकडे पाणी वर चढायचं नाही, पण फ्लश केला की नुसतं गोल फिरायचं आणि घाण तिथेच. सगळे म्हणाले तुंबलंय. बादली ओतली तर झटक्यात साफ! म्हणजे वाट मोकळीच होती. टाकीचं झाकण काढलं तर दोन गोष्टी दिसल्या. फ्लोट खाली सरकलेला, त्यामुळे टाकी जेमतेम निम्मी भरत होती. आणि ओव्हरफ्लोच्या नळीत सोडलेली ती बारीक रबरी नळी निसटून टाकीतच पडली होती. फ्लशनंतर भांड्यात पाणी भरायचं काम तीच करते, हे मला तेव्हा कळलं. ती निसटली की भांड्यातली पातळी खाली राहते, ओढ बसत नाही, वासही येतो.

टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली असावं. तेवढं केलं आणि निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा कडेखालच्या भोकांत होता. हात आरसा खाली धरून बघितलं तर अर्धी भोकं क्षाराने बुजलेली. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेले कागदी रुमाल कडेखाली रात्रभर चिकटवून ठेवले, सकाळी तारेने एकेक भोक टोकरलं. खपली निघताना चुरचुर आवाज येतो, फार समाधान वाटतं!

घरभिंत | सोमवार, दुपारी २:२०

टिकावताई, हे अगदी खरं. यात भर म्हणून, पाणी वाचवायला टाकीत वीट किंवा भरलेली बाटली ठेवू नका. आम्ही ठेवली होती आणि महिन्याभरात लाइन तुंबली.

सांजवेळ | सोमवार, दुपारी ३:०५

@घरभिंत, इथे मी असहमत. पाणी वाचवणं चूक कसं? आजकाल ६ आणि ३ लिटरच्या दोन बटणांच्या टाक्या सगळीकडे आहेत, त्या चालतातच की.

पाणाड्या | सोमवार, दुपारी ३:४०

दोघांचंही बरोबर आहे, फरक भांड्यात आहे. ६ लिटरच्या टाकीसोबत येणारं भांडं त्याच हिशेबाने घडवलेलं असतं, त्याचा ट्रॅप तेवढ्याच पाण्यात रिकामा होतो. जुनं भांडं दहा-बारा लिटरसाठी बनवलेलं. त्याला सात लिटर दिले तर मैला भांड्यातून निघतो पण आडव्या पाइपमध्ये वाटेतच बसतो. आडवा पाइप लांब असेल तर जास्तच. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी थर. विटेचा भुगा सुटून व्हॉल्व्हखाली बसतो आणि टाकी गळायला लागते, ते आणखी वेगळं. पाणी वाचवायचं असेल तर भांडं आणि टाकी जोडीने बदला.

ओलावा | सोमवार, संध्याकाळी ६:१५

विषयाला थोडं सोडून विचारते, माफ करा. आमच्याकडे काही तुंबत नाही, पण पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटारासारखा वास येतो. फिनेल टाकलं की दिवसभर बरं, मग पुन्हा. खोली दोन महिने बंदच होती. काय असेल?

रानजाई | सोमवार, संध्याकाळी ६:३८

ओलावा, तुझ्या नावातच उत्तर आहे गं! ट्रॅप सुकलाय. प्रत्येक बाकात पाण्याचा एक पडदा उभा असतो, साधारण ५० मिलिमीटरचा. गटाराचा वायू अडवायचं काम तेवढंसं पाणीच करतं. खोली बंद राहिली की ते उडून जातं आणि मग थेट गटाराशी संबंध. प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी ओत, कमोडला एक फ्लश दे. पुन्हा बरेच दिवस खोली बंद राहणार असेल तर नहाणीच्या जाळीत पाण्यावर चमचाभर तेल सोड. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

मला या बाकाचं मनापासून कौतुक वाटतं. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळं बनवणाऱ्या माणसाने फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात एसच्या आकाराचा पाइप होता. आज अडीचशे वर्षांनी घराघरात तीच युक्ती चालू आहे. एका वाकलेल्या नळीने माणसाला संडास घरात आणू दिला, नाहीतर तो अंगणाच्या टोकालाच राहिला असता.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पाणाड्या काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं.

बादली: पाणी वर चढलं, तीन बोटं शिल्लक असताना थांबलो, उतरायला चार मिनिटं. बेसिन आणि नहाणी: दोन्ही झरझर रिकाम्या झाल्या, कमोडमधलं पाणी जरासुद्धा हललं नाही. चेंबर: रिकामं. मी झाकणापाशी उभा, मुलाने वर फ्लश केला, तर पाण्याची बारीक धार तेवढी आली. कागदाचा एक कपटाही नाही. आणि खालच्या संडासाचा फ्लश केल्यावर मात्र लोंढा.

एक गोष्ट नव्याने लक्षात आली. नुसतं पाणी असेल तर ते कसंबसं जातं. कागद असला की अडतं.

पाणाड्या | मंगळवार, सकाळी ८:३०

छान तपासलंत! पाणी जातं आणि कागद अडतो, म्हणजे आत काहीतरी आडवं बसलंय. पूर्ण बूच नाही, जाळीसारखं काम करणारं काहीतरी. त्यावर कागद, केस जमत जातात, आठ दिवसांत वाट बंद. प्लंजरने जमलेलं सुटतं, मूळ वस्तू जागची हलत नाही. म्हणून परत आठ दिवस.

फरशीला हात लावू नका. कमोडसाठी मिळते ती हँडल फिरवायची स्प्रिंग आणा, मीटरभर लांबीची पुरते. टोकाला रबर असलेली घ्या, नाहीतर भांड्यावर काळे ओरखडे उठतात.

सांजवेळ | मंगळवार, सकाळी ९:४५

मला अजून वाटतं की व्हेंट पाइप, म्हणजे लाइनला हवा मिळावी म्हणून गच्चीवर उघडा सोडलेला पाइप, एकदा बघाच. आमच्या गच्चीवरच्या व्हेंटच्या तोंडात पक्ष्याने घरटं केलं होतं. वरून हवा मिळेना, म्हणून प्रत्येक फ्लशला नहाणीच्या जाळीतून हवा ओढली जायची. गुडगुड गुडगुड असा आवाज आणि पाठोपाठ वास. आम्ही तीनदा लाइन साफ करून घेतली, दोष मात्र डोक्यावर होता. घरटं रिकामं होईपर्यंत थांबलो, मग काढलं आणि तोंडावर जाळीची टोपी बसवली.

पाणाड्या | मंगळवार, सकाळी १०:१०

व्हेंट बंद असेल तर असाच त्रास होतो, तुमचं बरोबर आहे. पण तिथे गुडगुड हमखास ऐकू येते आणि शेजारच्या जाळीतलं पाणी खालीवर होतं. उंबरठा यांच्याकडे बेसिन, नहाणी शांत आहेत. म्हणून मी व्हेंटला यादीत खाली ठेवतो.

झुळूक | मंगळवार, सकाळी ११:३२

घरात वाइप्स वापरता का? पाकिटावर फ्लश करा असं लिहिलेलं असलं तरी करू नका. टॉयलेट पेपर पाण्यात पडला की लगदा होतो. वाइप्समध्ये बहुतेकदा प्लास्टिकचे धागे असतात, ते तसेच राहतात आणि एकमेकांत गुंततात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात वाइप्स आणि चरबीचा अडीचशे मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तो काढायला कित्येक आठवडे लागले. सॅनिटरी पॅडचंही तेच. त्यातली भुकटी पाणी शोषून फुगते आणि पाइपात घट्ट बसते. दोन्हीची जागा कचऱ्याच्या डब्यात.

उंबरठा | मंगळवार, दुपारी १२:०५

वाइप्स आणतच नाही. पॅड नाही. संध्याकाळी स्प्रिंग घालून बघतो.

अंगणवेल | मंगळवार, दुपारी ४:२०

ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांच्यासाठी लिहिते. हे माझ्या मनात फार दिवस आहे.

सेप्टिक टँक भरत आली की घरातले सगळे निचरे एकदम मंदावतात. पावसाळ्यात जमीन भिजलेली असते, शोषखड्डा पाणी घेईनासा होतो, तेव्हा हे जास्त. एखाद्याच कमोडचा त्रास असेल तर टँकला दोष देऊ नका, पण सगळीकडे एकदम सुरू झाला तर आधी टँक बघा. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यायलाच हवा. तो वाढत गेला की शोषखड्ड्यात जाऊन मातीची छिद्रं बुजवतो, आणि मग खड्डाच नवा करावा लागतो.

पण टँकमध्ये कोणी, कधीही, एका मिनिटासाठीसुद्धा उतरू नये. झाकणातून डोकं आत घालून बघूही नये. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटतं की आता वास गेला, आता उतरायला हरकत नाही. शुद्ध हरपते ती तिथेच. मग वाचवायला दुसरा उतरतो, आणि तोही. मिथेनही असतो, म्हणून काडी पेटवून बघणं नाही. उपसा यंत्राने, नळी टाकून, बाहेरून. काम करणारा "उतरतो ताई, पटकन होईल" म्हणाला तरी ठामपणे नाही म्हणा.

रानजाई | मंगळवार, दुपारी ४:४१

अंगणवेल, हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस. आमच्या गल्लीच्या सगळ्यांना वाचायला देते.

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:१०

स्प्रिंग घातली. पहिल्या बाकाशी थोडी अडली, हँडल फिरवल्यावर आरामात पुढे गेली, पूर्ण मीटरभर. बाहेर काढली तर टोकाला केसांचा पुंजका आणि कागदाचा लगदा. फ्लश केला, सुरेख गेलं. पण काका, गेल्या महिन्यात प्लंजरनंतरही असंच सुरेख जायचं. स्प्रिंग आरपार गेली म्हणजे आत काही नाही असं समजायचं का?

पाणाड्या | मंगळवार, रात्री ९:३५

नाही. स्प्रिंगचं टोक बोटाएवढं. वस्तूला मध्ये भोक असेल किंवा बाजूला फट असेल तर स्प्रिंग त्यातून निघून जाते. थोडी अडली म्हणताय ना, ती जागा लक्षात ठेवा. टोकापासून किती अंतरावर अडली?

उंबरठा | मंगळवार, रात्री ९:४८

वीतभर. जास्तीत जास्त दीड वीत.

मुंगूस | मंगळवार, रात्री १०:२०

बराच वेळ नुसता वाचतोय. एक साधा प्रश्न. दीड महिन्यापूर्वी घरातून कोणती वस्तू गायब झाली? आमच्या भाचीने दात घासायचा ब्रश टाकला होता आणि ब्रश हरवलाय हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी दोन गोष्टी जोडल्याच नाहीत. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. लहान मुलाला रागावणार नाही असं आधी सांगून विचारा.

उंबरठा | बुधवार, सकाळी ७:३०

मुंगूस, तुम्हाला दंडवत.

मुलाला विचारलं, नाही म्हणाला. बायकोला आठवेना. शेवटी आई म्हणाली, "ती वासाची वडी लटकवायची जाळी होती बघ काठाला, ती संपली वाटतं, बरेच दिवस दिसली नाही. मला वाटलं तूच काढलीस." मी काढली नव्हती. कोणीच काढली नव्हती. हूक तुटून ती पिवळी प्लास्टिकची जाळी फ्लशबरोबर आत गेली असणार. आकडा तेवढा कडेच्या मागच्या बाजूला अजून लटकत होता, रोज दिसत होता आणि मला कधी प्रश्न पडला नाही.

पाणाड्या | बुधवार, सकाळी ८:०५

सापडलं. जाळीसारखं काहीतरी म्हणालो होतो, ती खरोखरच जाळी निघाली! आता प्लंजर अजिबात मारू नका. आत्ता ती भांड्याच्या ट्रॅपमध्ये आहे. पुढे ढकलली गेली तर आडव्या पाइपात जाईल आणि तेव्हा मात्र फरशीची वेळ येईल.

कमोड उचलून काढा. दोघं लागतील. कोपऱ्यातला कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, भांड्यातलं पाणी स्पंजने टिपून घ्या. उचलल्यावर जमिनीतल्या पाइपाच्या तोंडात लगेच जुनं फडकं कोंबा. वायू वर येत नाही आणि नटबोल्ट आत पडत नाही. फडक्याला दोरी बांधून तिचं टोक बाहेर ठेवा. फडकं आत विसरून कमोड बसवलेली घरं मी पाहिलीत.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ८:५०

झालं एकदाचं. सगळं लिहितो, कारण तुमच्याशिवाय हे झालं नसतं.

कमोड पांढऱ्या सिमेंटने बसवलेला होता, बोल्ट नुसते नावाला. कडेचं सिमेंट छोट्या छिन्नीने टवके काढत सोडवायलाच दोन तास गेले. मी आणि माझा मेहुणा, दोघांनी उचलून अंगणात गोणपाटावर आडवा ठेवला. मागच्या तोंडातून टॉर्च मारला, काही दिसेना. मग बायकोने तिचा हात आरसा आणला. पुढून, पाणी उभं असतं तिथून, आरसा तिरका धरला आणि बाकाच्या चढावर पिवळी कड चमकली.

जाळी उभी बसली होती, दोन्ही टोकं भिंतींना टेकून. तिच्या फटींत केस विणल्यासारखे गुंतलेले, त्यावर कागदाचा राखाडी लगदा, आणि मधोमध एक बोटभर भोक. स्प्रिंग गेली ती त्या भोकातून! कपड्याच्या हँगरची तार वाकवून मागून ढकलली, पुढून मेहुण्याने पक्कडीने धरली. टक् असा आवाज झाला आणि निघाली. माझ्या तळहातापेक्षाही लहान वस्तू.

बसवण्याआधी अंगणातच कमोड दोन विटांवर सरळ उभा करून कागदाचे गोळे टाकले आणि बादली ओतली. तीनदा. तिन्ही वेळा सगळं पलीकडे. मग आत नेला. खालचं सील नवं घातलं, जुनं परत वापरलं नाही. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले. सिमेंट नाही, सिलिकॉन. एक रात्र आणि एक दिवस वापर बंद ठेवला.

पाणाड्या | शुक्रवार, रात्री ९:१५

शाब्बास! जुना हूक आणि जाळी फेकून दिलीत ना? आणि सिलिकॉन लावताना मागच्या बाजूला दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडलीत का? पूर्ण बंद केलं तर पुढे कधी सील गळलं तर पाणी बाहेर दिसत नाही, आतल्या आत मुरत राहतं आणि खालच्या छताला ओल येते.

उंबरठा | शुक्रवार, रात्री ९:२२

सोडली आहे काका. जाळी मुलाने मागून घेतली, धुवून त्याच्या टेबलावर ठेवली आहे. म्हणाला, शाळेत दाखवणार.

ओलावा | शुक्रवार, रात्री ९:४०

उंबरठा, फार आनंद झाला. काकूंना सांगा. आणि रानजाई, तुझ्या तांब्याभर पाण्याने आमचा वास त्याच दिवशी गेला, सांगायचं राहिलं होतं.

उंबरठा | शनिवार, सकाळी ७:१०

आज सकाळी आईने काही विचारलं नाही. सरळ गेली आणि येऊन चहा मागितला.